अजगराची शिट्टी

मृण्मयीने काचपेटीला कान लावला. तिच्या पाळीव अजगराची छाती भरली होती. इंजेक्शनं संपली, डॉक्टर म्हणाले फुप्फुसं साफ आहेत, तरी श्वासाची शिट्टी थांबेना. अजगर हातचा जातो की काय? तिला आधी औषधाचा संशय आला, मग डॉक्टरांचा.

"हीटर इतक्यात हलवू नकोस हं," खाटेवरून सासरे म्हणाले. एरवी सापाच्या नावाने अंगणात पळणारे आप्पा, थंडीत घरातला एकुलता एक हीटर अजगराच्या खोलीत आल्यापासून आजाऱ्याच्या सोबतीला झोपत होते.

त्यांनी डोळे मिटताच तिने अजगर गुपचूप व्हरांड्यात नेला. खोलीत शिट्टी चालूच. तिने खिडकीतून पाहिलं, तर आप्पांच्या ओठांचा चंबू झालेला.

"दुखणं जुनाट दिसतंय, आप्पा," ती अजगराला घेऊन आत येत म्हणाली. "हीटर शिमग्यापर्यंत लागेल."

"वाटलंच मला," म्हणत आप्पांनी सरकून अजगराला खाटेवर जागा दिली.