बाकी कोरं

पहिली पेटी उलटली तेव्हा टेबलावर तीनशे सहा मतपत्रिका पडल्या. त्यांतल्या एकविसांवर एकच आकडा होता: ज्ञानदा सबनीसच्या नावापुढे १. बाकीचे चौकोन कोरे.

कठड्याला टेकून निवेदिता पेन्सिलीनं रेघा ओढत होती. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात मतमोजणी अशीच होते. अधिकारी आत मोजतात आणि पक्षांची माणसं बाहेरून माना लांब करून आपली टॅली धरतात. रिंगास्किडीच्या कारखान्यात ती औषधांतली अशुद्धी मोजायची. तिची टॅली चुकत नव्हती. प्रत्येक एकट्या एक्क्यापाशी ती मनात म्हणत होती, आपलं माणूस.

पक्ष छोटा होता. त्याचे दोन उमेदवार होते: दहा वर्षं नगरसेविका असलेली नोरीन आणि तिनंच आग्रहानं उभी केलेली ज्ञानदा. इथं मतदार पसंतीचे आकडे लिहितो. एक नंबरचा उमेदवार बाद झाला की मत दोन नंबरच्याला जातं; पुढे कोरं असेल तर ते तिथंच संपतं. हा नियम निवेदितानं वाचला होता, पण तिच्या मनाला तो पटला नव्हता. अमेरिकेत, ओहायोत शिकताना तिनं एका पक्षासाठी घरोघरी प्रचार केला होता. हा देश उभारणाऱ्यांना पक्षच नको होते, असं तिथला प्रचारप्रमुख हसत सांगायचा. तरी पक्ष झाले, दोन झाले, आणि दुसऱ्याला दिलेलं काहीही आपल्यातून वजा होऊ लागलं. निवेदिता ती वजाबाकी घेऊनच आयर्लंडला आली होती. दोघींतली एकच निवडून येणार, मग ती आपली का नको?

सहाव्या फेरीला ज्ञानदा बाद झाली. एकच जागा उरली होती.

निवेदितानं आपल्या रेघा पुन्हा मोजल्या. मग कागद उलटा धरला.

नोरीन चहाचा कप सांभाळत आली आणि तिनं मोकळ्या हातानं ज्ञानदाला जवळ घेतलं. "रडायचं नाही हं, गर्ल. पुढच्या वेळी येशील. आज तुझ्या मतांवर मी तरून जाते. सगळं ग्रँड होणार! तुमच्या लोकांची शंभरेक दारं मी स्वतः वाजवलीत. दार उघडलं की थेट तुमच्याच भाषेत!" ती घसा खाकरून मराठीत म्हणाली, "ज्ञानदाला एक, बाकी कोरं!"

ज्ञानदा तिच्यापासून दूर झाली.

"ते कोरं काही केल्या लक्षात राहीना," नोरीन सांगत होती, "म्हणून मी कॉर्क म्हणून पाठ केलं. लोक काय हसायचे! एका बाईनं तर लाडू दिला."

"हे तुला कोणी शिकवलं?" ज्ञानदानं विचारलं.

"निवेदितानं. म्हणजे एक तिला, दोन मला. का गं, माझा उच्चार इतका वाईट आहे?"

ज्ञानदानं निवेदिताकडे पाहिलं. "निवेदिता? अगं, हिच्याच तोंडून?"

"ताई, मला वाटलं तुम्ही निवडून याल."

"मला नको सांगूस. तिला सांग."

निवेदितानं पेन्सिल कठड्यावर ठेवली. नोरीन अजून हसतच होती. उत्तराची वाट पाहत तिनं चहाचा घोट घेतला.

"उच्चार बरोबर होता, नोरीन," निवेदिता म्हणाली. "अर्थ मी खोटा सांगितला. त्याचा अर्थ, ज्ञानदाला एक द्या आणि पुढे काहीच लिहू नका."

नोरीनचे ओठ हलले. तिनं ते दोन शब्द मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिले असावेत.

ध्वनिक्षेपक खरखरला. हॉलमधली कुजबुज थांबली.

ज्ञानदा सबनीस यांची मतं पाचशे चौतीस. त्यांतली नोरीन टूमी यांना दोनशे अकरा, इतरांना एकशे एकोणसाठ. पुढची पसंती न लिहिलेली, एकशे चौसष्ट.

नोरीनची जागा सदतीस मतांनी गेली.