पेट्रोलचा कॉक

भिकनचं तेरावं झाल्यावर त्याची आई म्हणाली, "अवं, गाडी उभ्याउभ्या गंजंल. चालू करा." विहिरीवरून मीच ढकलत आणली होती, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता. वीस किका मारल्या. प्लग काढून पुसला, ठिणगी पडत होती. टाकीत पेट्रोल हिंदकळत होतं. खाली वाकलो, तर पेट्रोलचा कॉक बंद. त्याला गाडी शिकवताना मीच सांगितलं होतं, "चार-आठ दिवस उभी ठेवायची असंल तरच कॉक बंद करायचा." त्या दिवशी "पाण्याची मोटार चालू करून आलोच" म्हणून गेला होता. पाय घसरून विहिरीत पडला, असं सगळे म्हणाले. तेवढ्याच आधारावर ती रोज दोन घास खात होती. मी कॉक उघडला. पाचव्या किकेला गाडी सुरू झाली. "काय झालतं वं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "नळीत कचरा अडकला व्हता."