थोरलीचा होकार

सोमारीने काळ्या तलंगेपुढे मूठभर धान टाकलं. ते संपलं तशी आणखी एक मूठ टाकली. कोंबडीचं पोट टम्म होईपर्यंत ती उकिडवी बसून राहिली आणि मग तिच्यावर डालं पालथं घातलं.

सासू रंभाबाई दारातून बघत होती. आज नवं धान खायचा सण. थोड्या वेळाने हीच तलंग थोरलीच्या दगडापुढे न्यायची होती. थोरली म्हणजे सोमारीचा नवरा चैतू याची पहिली बायको, स्वातीची आई. चार वर्षांपूर्वी ती तापाने गेली, तिच्या नावाचा दगड गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली उभा होता. दगडापुढे नव्या तांदळाचे दाणे मांडायचे. कोंबडीने टिपले की मेलेलं माणूस राजी, नाही टिपले की नाराज. गाव पिढ्यान्‌पिढ्या असंच विचारत आलं होतं.

हुशार घरं कोंबडीला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवत. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

"हे काय करून राह्यली तू?" रंभाबाई म्हणाली. "दोन सण झाले, थोरलीनं दाणे घेतले नाई. आज बी नाई घेतले तं कोलू पोरीले घेऊन जाते."

"उपाशीपोटी तं कोणीबी हो म्हणते, आत्या. मले तिचा खरा होकार पाह्यजे."

रंभाबाईने कपाळावर हात मारला. सुनेचा हा खरेपणा एक दिवस घर बुडवणार, असं तिला वाटून गेलं.

कोलू हा स्वातीचा मामा. मूल गावच्या राईस मिलमध्ये कामाला होता, माणूस वाईट नव्हता. बहीणच राजी नसेल तर तिची पोर दुसरीच्या हाताखाली कशाला, एवढंच त्याचं म्हणणं, आणि चैतूने ते कबूल केलं होतं. सकाळीच तो मोटारसायकल घेऊन आला होता. दहा वर्षांच्या स्वातीने मामाने फोनवर सांगितल्याप्रमाणे आपली पिशवी कालच भरून दाराशी ठेवली होती.

ती पिशवी बघून सोमारी रात्री जेवली नव्हती. लग्नाला अडीच वर्षं झाली. पोरीने तिला कधी कुठल्या नावाने हाक मारली नाही, केसांना हात लावू दिला नाही. पहिल्या दिवसापासून तिला पाण्यात पाहिलं. स्वाती रमायची ती कोंबड्यांत. घरच्या तीन काळ्या तलंगा इतरांना सारख्याच दिसत, तिने मात्र तिघींना नावं दिली होती.

खरं तर सोमारीलाही सुरुवातीला ही पोर म्हणजे गळ्यात पडलेलं कामच वाटे. पण सकाळचा पहिला भात घरातल्या मेलेल्यांच्या कोपऱ्यात ठेवायची पद्धत होती. नुसता भात कसा ठेवायचा, म्हणून ती थोरलीला पोरीची खबर सांगू लागली. काल शाळेत गाणं म्हटलं. काल दोनदा खोकली. खबर द्यायची तर पोरीकडे नीट बघावं लागे, आणि असं रोज बघता बघता तिचा जीव जडला. "बाई, पोर तुमचीच हाये, मी फक्त सांभाळून राह्यली," असं ती शेवटी म्हणे. स्वाती तेव्हा त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून गोधडीत पडलेली असे.

निघताना तलंग स्वातीनेच आणली, छातीशी घट्ट धरून. तिने कोणाकडे बघितलं नाही.

मोहाखाली रंभाबाईने पानावर दाणे मांडले आणि थोरलीला विचारलं, तुझी लेक हिच्याजवळ राहू द्यायची का. कोलू हाताची घडी घालून उभा होता. चैतू जमिनीकडे बघत होता. स्वातीने कोंबडी सोडली.

तलंग पानापाशी गेली आणि मान वाकडी करून थांबली. सोमारीने डोळे मिटले. भरल्या पोटाची कोंबडी दाण्याला तोंड लावत नाही, हे तिला कळत होतं. पोर माझ्याजवळ नसली तरी सुखात ठेवा, एवढंच तिने मनात म्हटलं.

टकटक आवाज आला. डोळे उघडले तर पानावर चार दाणे उरले होते, आणि मग तेही उरले नाहीत.

कोंबडी घरून पोटभर खाऊन आली होती, हे रंभाबाईने रडत रडत सगळ्यांना सांगितलं. कोलू बहिणीच्या दगडापुढे वाकला, सोमारीला हात जोडले आणि जेवून एकटाच परत गेला. सोमारीचा जीव भांड्यात पडला. इतका आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तिने पिशवीतले कपडे काढून परत दांडीवर टाकले आणि परसात गेली. स्वाती डाल्यापाशी बसली होती.

"पाह्यलं ना? तुया मायनं भरल्या पोटी दाणे घेतले," सोमारी म्हणाली.

स्वातीने डालं उचललं. आतून टम्म फुगलेली काळी तलंग डुलत बाहेर आली.

"तू चारलेली हे हाये," स्वाती म्हणाली. "मागच्या दोन्ही सणाले मीच पोटभर चारून नेली होती. यंदा दुसरी नेली, कालपासून उपाशी ठेवून."