कंट्रोलर पाहिजे

नेरच्या बबिता राठोडनं एलईडी दिव्यांचा छोटा कारखाना काढला होता. पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेली वीज किती कामी लागते त्याचा आकडा, कमी भरल्यामुळं तिचा पथदिवा चाचणीत नापास झाला. आता दिव्यासाठी व्होल्टेज उतरवणाऱ्या स्वस्तातल्या बक सर्किटाला नवी कंट्रोलर चिप निवडणं भाग होतं. तिनं गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "कंट्रोलर पाहिजे. स्वस्त, ताप सहन करणारा, आठ पायांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टीतून रिटायर झालेले शंकरसिंग काका जुना गणवेश इस्त्री करून दारात हजर.

"एकतीस वर्सं बसस्टँडवर कंट्रोलर होतो, बाई. स्वस्तात येतो. लोकायचा ताप बी लय सहन केला. पण पाय मले दोनच हायेत."

बबिताला हसू आवरेना. पण म्हाताऱ्या माणसाला दारातून परत कसं पाठवायचं? तिनं चहा दिला आणि नखाएवढ्या दोन चिप त्यांच्यापुढं ठेवल्या.

"काका, यातून एक कंट्रोलर निवडाचा हाय. हा लय हुशार, पण माल तीन महिन्यानं येते. हा साधा, थोडा गरम होते, पण नागपूरहून उद्याच भेटते."

काकांनी बघायला खिशातून चष्मासुद्धा काढला नाही. "जो टायमावर येते, तोच कंट्रोलर."

तिनं साधी चिप मागवली. दिवा पुन्हा तपासायला दिला, तो पास झाला. ही खबर सांगायला तिनं फोन केला, तर काकांनी विचारलं, "मंग मी ड्युटीवर कवा येऊ?"

बबिता म्हणाली, "उद्यापासून या."

आता दिव्यांच्या पेट्या काका स्वतः टेम्पोत चढवून घेतात. एकाही दिव्याला ते उभ्यानं प्रवास करू देत नाहीत.