पाण्याने धुतलेले बोर्ड

“पाण्याने,” भाची म्हणाली. “साध्या, गाळलेल्या पाण्याने.”

साहेबांनी सर्किट बोर्ड भिंगाखाली धरला. कुठे डाग नाही, चिकटपणा नाही. चाचणीत त्याने जुन्या सॉल्व्हंटने धुतलेल्या बोर्डालाही मागे टाकलं होतं. त्या सॉल्व्हंटने ओझोनला भोक पडतं म्हणून त्यावर बंदी आली होती. त्याच्या जागी दुसरं काही सापडलं नाही, तर धुलाईची खोली बंद करून काम बाहेर द्यायचं, असं वरून ठरलं होतं.

त्या खोलीची प्रमुख होती आत्या. भाचीला इथे चिकटवली तीही तिनेच, आणि भाची आल्यापासून साहेबांसकट सगळा कारखाना तिला आत्याच म्हणू लागला होता. सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरणारी राळ काढण्यात तिची हयात गेली होती. हाताखालच्या बायका तिला वचकून असत आणि अडलं-नडलं की तिच्याकडेच धावत.

भाचीने एकामागून एक द्रावणं आणून पाहिली. एकाने बोर्डावरची अक्षरंच पुसली. दुसऱ्याच्या वासाने बायकांची जेवणावरची वासना उडाली. शेवटी तिने राळच बदलून सौम्य घेतली, आणि धुवायला पाणी सुचवलं. त्यावर आत्या कडाडली होती, “विजेच्या वस्तूला आंघोळ? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?”

आणि आता हा निकाल. साहेब खुशीत होते. “मोठं मशीन मागवू. आत्या, खोली तुमचीच. मशीनही तुमच्याच ताब्यात.”

दारातल्या बायकांचे चेहरे खुलले. आत्याचा मात्र उतरला. भाची मान खाली घालून उभी होती. पोरगी लाजली, असं साहेबांना वाटलं.

“मशीन मागवू नका, साहेब,” आत्या म्हणाली. “ते बोर्ड मी धुतलेच नाहीत. पाण्यात घालायला मन धजेना. तसेच परत दिले. उद्या हिच्या नावाने शंख व्हायला नको. चूक माझी आहे.”

साहेबांनी बोर्ड पुन्हा भिंगाखाली धरला आणि बराच वेळ पाहिला.

“म्हणजे ही नवी राळ मागे काही ठेवतच नाही? धुवायची गरजच नाही?” ते हसत सुटले. “काखेत कळसा आणि गावाला वळसा! शोध भाचीबाईंच्याच नावावर. पण न धुतलेला बोर्ड खरंच स्वच्छ आहे का, हे सांगायला जाणती नजर लागेल. आत्या, उद्यापासून तुम्ही सगळ्याजणी तपासणीवर बसा.”

बायकांनी दारातच एकमेकींना टाळ्या दिल्या. आत्याचा जीव भांड्यात पडला.

जिन्यात तिने भाचीला थांबवलं. डोळे भरून आले होते. “तुझ्या मेहनतीवर पाणी पाडलं असतं गं मी. एवढी शिकलेली तू, माझ्यापायी तुझं हसं झालं असतं.”

“तू धुतले नाहीस, हे मला तेव्हाच कळलं होतं,” भाची म्हणाली. “बोर्ड आणून दिलेस, तेव्हा तुझे हातमोजे कोरडे होते.”

“मग साहेबांना पाणी कशाला सांगितलंस?”

“धुवावंच लागत नाही म्हटलं असतं, तर तुझी खोली गेली असती ना.”