यांच्या नावाचा पासवर्ड

"नेक्स्ट दाब, नेक्स्ट," दौलतकाका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "थांबलीस कशाला?"

"काका, इथे डेटाबेसचं नाव विचारतंय."

"गोदामाचंच टाक. पूर्णा."

क्षितिजाने 'पूर्णा' टाकलं आणि नेक्स्ट दाबलं. ती कामतघरची. काकांच्या गोदामात मालाच्या नोंदींचा डेटाबेस बसवायला कंपनीने तिला पहिल्यांदाच एकटीला धाडलं होतं. काम तसं अवघड नव्हतं. कमांड घोकायच्या नव्हत्या. एक खिडकी उघडायची, प्रश्न विचारायची, उत्तर दिलं की पुढची खिडकी हजर. काकांना हा प्रकार फारच आवडला होता. आपणच कॉम्प्युटर चालवतोय अशा थाटात ते बसले होते.

दुपारी भूपेश येणार होता, एका मोठ्या साबण कंपनीचा माणूस. कोणता माल कुठल्या रॅकवर आहे हे स्क्रीनवर झटक्यात दिसलं, तर त्याच्या कंपनीचा माल इथे उतरणार. नाहीतर शेजारच्या गोदामात. शेजारचं गोदाम काकांच्या चुलतभावाचं होतं. त्यामुळे प्रश्न साबणाचा कमी आणि अब्रूचा जास्त होता.

पुढच्या खिडकीने पासवर्ड मागितला.

"हा मालकाने टाकायचा," क्षितिजा म्हणाली.

"मंग आक्काला बोलव."

आक्का म्हणजे काकांची बायको. गोदामाची जागा कागदावर तिची होती, आणि कागद बाजूला ठेवला तरी तिचीच होती. ती वज्रेश्वरीला निघाली होती. ओटीची पिशवी काखेत धरूनच ती खुर्चीवर टेकली.

"काय टाकू गो?"

"रोज तोंडात असतं ते काहीतरी टाका. म्हणजे विसरणार नाही."

आक्काने क्षणभर विचार केला आणि ती गालातल्या गालात हसली.

"आयकलं का, तिकडं तोंड करा," ती काकांना म्हणाली.

काकांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. क्षितिजानेही मान वळवली. आक्काने एका बोटाने मराठी अक्षरं शोधून शोधून दाबली. स्क्रीनवर काळे ठिपके उमटत गेले.

"टिकल्या बऱ्या हायत!" आक्का खूश झाली. पासवर्ड कच्चा आहे म्हणून खिडकीने कुरकूर केली, पण आक्काने घरात कुणाची कुरकूर ऐकली नव्हती, ती खिडकीची कशाला ऐकेल?

"कोनाचं नाव टाकलंस?" काकांनी भिंतीला विचारलं.

"तुमचंच. दुसऱ्या कोनाचं टाकनार?"

काका फुलले. आक्का बस पकडायला गेली.

हिरवी पट्टी रमतगमत पुढे सरकत राहिली. दोन चहा झाले, जेवण झालं, तेव्हा कुठे 'फिनिश' उमटलं. आता आत शिरून मालाची माहिती भरायची. आत शिरायला पासवर्ड हवा होता.

"टाक माझं नाव," काका ऐटीत म्हणाले.

क्षितिजाने 'दौलत' टाकलं. चूक. एकेक अक्षर बघून पुन्हा टाकलं. चूक.

"सेठ, कोई दूसरा दौलत होगा," रॅकजवळचा हमाल म्हणाला, आणि बाकीचे खो खो हसले. काका हसले नाहीत.

"अजून दोनदा चुकलं की खातं बंद होईल," क्षितिजा म्हणाली. "मग सगळं पहिल्यापासून. या मशीनवर रात्र होईल, काका."

तिने आक्काला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडे वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावरचा गलका.

"आक्का, पासवर्ड काय टाकला होतात?"

"आयकलं का!"

"हो, ऐकू येतंय. बोला."

"अगो, आयकलं का!"

"ऐकतेय हो आक्का. नाव सांगा ना."

"सांगितलं ना!" आणि लाईन तुटली.

"नवऱ्याचं नाव न्हाय घ्यायची ती," काका समजुतीने म्हणाले. "लग्नात उखान्यात घेतलं, तेवढंच."

क्षितिजाचे डोळे चमकले. तिने पुन्हा फोन लावला. "आक्का, उखाण्यात घ्या!"

"आता? हितं?" आक्का लाजली, पण आढेवेढे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. "वज्रेश्वरीच्या कुंडात पानी लय गरम, दौलतरावांचं डोकं तापट, पन काळीज नरम!"

हमालांनी टाळ्या पिटल्या. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. क्षितिजाने घाईघाईने 'दौलतराव' टाकलं.

चूक.

आता कुणी हसलं नाही. काका उठले आणि पाठ फिरवून दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

"माझं नाव न्हायच टाकलंन तिनं," ते बाहेर बघत म्हणाले. "उगी माझं मन राखलंन."

गेटातून भूपेशची गाडी आत वळली. एरवी काका धावले असते. आज ते जागचे हलले नाहीत.

"आक्का," क्षितिजा फोनवर जवळजवळ रडकुंडीला आली, "एकदाच टाकता येईल आता. साहेब आलेत. काकांचं नाव नाहीये हो ते!"

"न्हाय कसं? त्यांचंच हाय! किती येळा सांगू गो तुला?" आक्काने दम घेतला आणि सगळ्या कुंडाला ऐकू जाईल अशी ओरडली, "आयकलं का!"

"ओ!" दारातून काका पटकन म्हणाले. "आलो, आलो!"

क्षितिजाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग आक्काच्या तोंडून आलं होतं तसंच, अक्षर न् अक्षर टाइप केलं आणि एंटर दाबलं. डेटाबेस उघडला.