मांत्रिक स्वतः येत नाही

तिसऱ्या फेरीतच मांत्रिक मेला. दंतवैद्याने वीस बाजूंचा फासा टाकला, वीस पडले, आणि टेबलावरची काळ्या झग्यातली बाहुली आडवी झाली.

"एवढाच?" शिंपी म्हणाला. "हा पाचवा मांत्रिक. बुरुजावरून खाली येतो, दोनदा आग फेकतो आणि मरतो. पुढच्या शनिवारी काही माझं जमेलसं दिसत नाही बुवा."

भूगोलाच्या बाईंनी तर पर्स उचललीच.

चष्मेवाल्याचा चेहरा पडला. खेळ त्याच्या घरी, गोष्ट त्याने रचलेली, त्यातले राक्षस-मांत्रिक चालवायचे त्यानेच. हे तिघे गेले की शनिवार संपला, आणि शनिवारच्या आशेवर तर तो आठवडाभर दुकानात काचा पुसायचा.

खिडकीशी सासूबाई शब्दकोडं सोडवत होत्या. तीस वर्षं एका कचेरीत मोठ्या साहेबांच्या सेक्रेटरी होत्या त्या. मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, मेला तो मांत्रिकच होता कशावरून?"

"म्हणजे?"

"अहो, एवढा मोठा माणूस स्वतः कशाला येईल मार खायला? आमचे साहेब भांडणाच्या मीटिंगला कध्धी गेले नाहीत. दुसऱ्याला पुढे करायचे."

बाई थबकल्या. "झग्याच्या आत कोण आहे?"

"बुरुजावरचा... स्वयंपाकी," चष्मेवाला चाचरत म्हणाला.

"अगं बाई! गरिबाला मारलं आपण." पर्स परत खाली आली.

"मग खरा काय करतोय?" शिंप्याने खुर्ची पुढे ओढली.

"पत्रं पाठवतोय." सासूबाईंनी वहीचं पान फाडलं, त्याच्या तीन चिठ्ठ्या केल्या आणि घड्या घालून एकेकाच्या हातात दिल्या. "ज्याची त्याने वाचायची. दुसऱ्याला दाखवायची नाही."

त्यांची पेन्सिल कानावरच होती, हे फक्त चष्मेवाल्याने पाहिलं.

तिघांनी टेबलाखाली चिठ्ठ्या उघडल्या.

"माझी कोरी आहे," दंतवैद्य म्हणाला.

"कोरी म्हणे!" शिंपी हसला. "काय कबूल केलंय मांत्रिकाने तुला? खजिना?"

"बरं, तुझ्या चिठ्ठीत काय आहे?"

"माझी खरंच कोरी आहे."

"अस्सं!"

बाई चिठ्ठी मुठीत धरून त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या गुहेत मी सगळ्यांच्या मागून चालणार."

तासाभरात तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या आणि एकमेकांवर पहारे बसवले. मांत्रिकाने एकही मंत्र म्हटला नव्हता.

निघताना शिंपी दारात घुटमळला. "शनिवारी मी अर्धा तास आधीच येतो. या दोघांना सांगू नकोस."

दार लावून चष्मेवाला वळला. त्याला हसू आवरत नव्हतं. "आई, कमाल केलीत! एकही अक्षर न लिहिता..." मग त्याला बाईंची ती घट्ट मूठ आठवली. "तिन्ही कोऱ्याच होत्या ना?"

सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"होत्या म्हटलं, तर पटेल तुम्हाला?"